चिखलदऱ्याच्या वाटेवरचं अचलपूर पायी कसं पाहायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात अचलपूरच्या जुन्या गावातून निघणाऱ्या पायी फेरीबद्दल चार ओळी छापल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेतो. नावं कोणाचीच छापत नाही, गाव-तालुका तेवढा देतो.

प्रश्न : दादा, आम्ही दर्यापूर तालुक्यातले. दर पावसाळ्यात चिखलदऱ्याला जातो, परतवाड्यात चहा-नाश्ता होतो आणि गाडी धामणगाव गढीकडं वळते. बाजूलाच अचलपूर आहे हे माहीत आहे पण तिथं गल्ल्याच गल्ल्या, गर्दी आणि पडके बुरूज, याशिवाय काय आहे असं घरचे म्हणतात. मुलगा मात्र फेरीला जायचं म्हणून हट्ट धरून बसला आहे. अर्धा दिवस घालवावा का?

ताई, सरळ सांगतो, घालवा. आणि जातानाच घालवा, येताना नको, येताना सगळे थकलेले असतात, पोरं गाडीत झोपलेली असतात आणि मग पुढच्या वर्षी पाहू म्हणून राहून जातं ते कायमचंच.

शाळेत आपण बहमनी राज्याचे पाच तुकडे पाठ केले ना, अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही. पहिल्या चार ठिकाणी लोक लांबून लांबून गाड्या करून जातात. पाचवीची राजधानी म्हणजे हेच अचलपूर, तेव्हाचं एलिचपूर, आणि आपण त्याच्या शेजारी उभं राहून चहा पितो अन् निघून जातो. १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क इथं स्वतंत्र झाला. हा माणूस मूळचा विजयनगरच्या मुलखातला, हिंदू घरातला, लहानपणी लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडात येऊन शेवटी राज्याचा मालक झाला. पुढं १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहानं हे राज्य गिळलं आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडं गेला.

पण गाव त्याच्याही कितीतरी आधीचं. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो एलिचपूरवरूनच गेला, आणि तहात यादवांकडून एलिचपूरचा महसूल मागून घेतला. ज्या गावाचा महसूल पुढं दिल्लीचा सुलतान झालेल्या माणसाला मागावासा वाटला ते गाव काय असेल याचा अंदाज करा. त्याच्याही मागं जायचं तर जवळच चम्मक नावाचं खेडं आहे, तिथं वावरात नांगराला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट लागला, पाचव्या शतकातला, त्यात हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचं लिहिलेलं आहे. ताम्रपटात गावाचं नाव चर्मांक आहे आणि आज लोक चम्मक म्हणतात. दीड हजार वर्षं एकाच नावानं माणसं राहतात तिथं, नांगरतात, पेरतात.

मग एवढं मोठं गाव मागं काहून पडलं, हा प्रश्न फेरीत हमखास येतो आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रेल्वे हे एक कारण. मुंबईहून नागपूरकडं जाणारी मोठी लाइन १८६७ ला नागपुरात पोचली ती मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून, एलिचपूर उत्तरेला बाजूला राहिलं, आणि कापसाचा सगळा व्यापार अमरावतीकडं सरकला. दुसरं कारण कचेऱ्या. इंग्रजांच्या वेळी वऱ्हाडात सहा जिल्हे होते, त्यात एलिचपूर एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये सहाचे चार केले आणि एलिचपूर अमरावतीत टाकून दिलं. कलेक्टर गेला की वकील जातो, वकील गेला की खानावळ, छापखाना, बोर्डिंग, सगळंच हळूहळू जातं. अचलपूर जिल्हा करा ही मागणी आजही होते तिचं मूळ तिथं आहे. म्हणून घरच्यांना सांगा, गल्ल्या अरुंद आणि बुरूज पडके आहेत हे खरंच आहे, पण ते तसे का झाले हे कळलं की त्याच गल्लीत पाय रेंगाळतो.

फेरी साधारण दुल्हा गेटपासून सुरू करतात. नवाबी काळातल्या परकोटाचा, म्हणजे गावाभोवतीच्या तटबंदीचा, हा दरवाजा. दरवाज्याशी पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. कमान किती उंच आहे ते पाहा, अंबारीसकट हत्ती आत यायचा तर एवढी उंची लागते. बाजूच्या देवड्या पाहा, पहारेकरी तिथं बसायचे. वरचं बांधकाम विटांचं का, खालचं दगडाचं का, हे पोरांना विचारा, ते बरोबर सांगतात.

आत गेलं की पुरेच पुरे, म्हणजे जुन्या वस्त्या. बिलनपुरा, सरमसपुरा, अब्बासपुरा, सुलतानपुरा, हिरापुरा. असे पुरे जुन्या शहरांत एखाद्या सरदाराच्या, जमातीच्या किंवा धंद्याच्या भोवती वसत गेले, म्हणून चालताना शंभर पावलांवर गल्लीचा तोंडवळा बदलतो, इथं घराची ओसरी रस्त्यावर उघडते, तिथं नुसती उंच भिंत आणि एक छोटा दरवाजा, पुढं एकदम मोकळी जागा आणि मधोमध विहीर. गाडीतून हे दिसत नाही कारण गाडी तिथं जातच नाही, आणि दुचाकीवरून गेलं तर नजर खड्ड्यावर असते.

वाडे नीट पाहा. सागवान मेळघाटातलं, खांब, तुळया, कोरीव कणसं सगळं सागवानी, शेदीडशे वर्षांनंतरही टणक. भिंती पांढऱ्या मातीच्या. आपल्याकडं प्रत्येक गावाला काळी आणि पांढरी असते, काळीत पीक आणि पांढरीत घरं, गढ्यासुद्धा त्याच पांढऱ्या मातीच्या. या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात आणि पाणी मुरलं की आतून ढासळतात, म्हणून वरचं कवेलू सरकलं आणि घरात माणूस नसला की चारपाच पावसाळ्यांत वाडा बसतो. फेरीत असे बसलेले वाडे दिसतील. तिथं ढेलज, म्हणजे दारातली ओसरी, अजून उभी असते आणि आत आकाश दिसतं. मला ते पाहून दरवेळी वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही, येणाऱ्यांना सांगतो की याचा फोटो काढा, पुढच्या वर्षी हे असेल की नाही माहीत नाही.

शेवट हौज कटोऱ्यावर. हे गावाच्या बाहेर पश्चिमेला आहे, ऑटोनं जायचं. मोठा गोल हौज आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी दगडी मनोरा, कमानींचे मजले एकावर एक, आज तीन मजले उभे आहेत. बहमनी काळातला मानतात. आणखी मजले होते आणि पुढच्या एका नवाबानं दगडांसाठी ते उतरवले असं गावातली जुनी माणसं सांगतात. चारी बाजूंना पाणी आणि मधे वाऱ्याला बसायची जागा, वऱ्हाडातल्या उन्हाळ्यावर त्या लोकांनी काढलेला हा उपाय. मुलगा खूश होईल, लिहून देतो.

आणि शेवटचं, ताई. नंतर तुम्ही चिखलदऱ्याला जाणार, म्हणजे गाविलगड पाहणार. तो किल्ला १४२५ च्या सुमारास अहमदशहा वली बहमनीनं बांधला आणि फतहुल्लानं नंतर दुरुस्त केला. त्याच्या दिल्ली दरवाज्यावर दोन तोंडाचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, कर्नाटकातल्या राज्यांची खूण, ती वऱ्हाडातल्या किल्ल्यावर कशी आली ते फतहुल्लाची गोष्ट ऐकली असेल तर लगेच लक्षात येतं. खाली राजधानी आणि संकट आलं की वर किल्ला, असं ते जोडकाम होतं. नुसता किल्ला पाहून येणं म्हणजे अर्धीच गोष्ट ऐकून उठणं.

प्रश्न : मी अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यातला, बीए झालं आहे, शेती करतो. मलाही अशा फेऱ्या न्यायच्या आहेत. किती अभ्यास लागतो? पैसे किती घ्यावे? लोक काय विचारतात?

भाऊ, तुमच्यासारख्यांनीच हे करायला पाहिजे, बाहेरून येऊन कोणी करणार नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर सुरुवात जुन्या जिल्हा गॅझेटियरपासून करा, अमरावतीचं गॅझेटियर मराठी-इंग्रजी दोन्हीत आहे आणि बरंचसं इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात सगळं बरोबरच आहे असं धरून चालू नका, पण कुठं काय पाहायचं याची यादी तिथून तयार होते. मग ती यादी घेऊन म्हाताऱ्या माणसांकडं जा. दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीवर निवांत बसलेले काकाजी जे सांगतील ते वहीत लिहा, कोणी सांगितलं आणि कधी ते पण लिहा.

यातली सगळ्यात मोठी शिस्त एकच, इतिहास आणि दंतकथा यांची गल्लत करायची नाही, आणि दंतकथा गाळायचीही नाही. दुल्हा रहमानशाहांच्या दर्ग्याची गोष्ट घ्या, लग्नाच्या दिवशी लढाईची खबर आली आणि नवरदेव त्याच पोशाखात लढायला निघाला, इथं पडला, अशी कथा गावात सगळे सांगतात. ही सांगताना 'असं सांगतात' म्हणायचं. इमादशाही १४९० ला सुरू झाली हे सांगताना 'असं सांगतात' म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याला दोन्हीतला फरक तुमच्या बोलण्यातूनच कळला पाहिजे. आणि कुठल्याही राजाला चांगला-वाईट ठरवायला बसू नका, आजचं भांडण चारशे वर्षांमागं नेऊन लावू नका. फेरीत सगळ्या जातीधर्माची माणसं असतात आणि ज्या गल्लीतून जातो तिथंही असतात. हे मी फार मनापासून सांगतो.

तुमच्या अंजनगावातच केवढं आहे. ३० डिसेंबर १८०३ चा शिंदे आणि इंग्रजांमधला सुर्जी-अंजनगावचा तह इथलाच ना. त्याच्या आधीचा महिनाभर आपल्या भागात काय चाललं होतं ते ओळीनं लावा. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, तिथले जखमी इंग्रज शिपाई एलिचपुरात आणून इंग्रज सेनापती वेलस्लीनं दवाखाना मांडला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावला नागपूरकर भोसल्यांशी तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच वेलस्ली. ही सगळी गावं एकमेकांपासून एका दिवसाच्या गाडीरस्त्यावर आहेत आणि आपण बाजाराच्या निमित्तानं रोज त्यांतून जातो. फेरीला आलेल्या पोरांसमोर हे नकाशावर बोट ठेवून सांगा, चेहरे पाहण्यासारखे होतात. आणि पानमळे, पानपिंपरी हे अंजनगावचं खास पीक, तेही दाखवा, इतिहास म्हणजे नुसते दगड थोडीच.

न्यायची पद्धत. पंधरा-वीस माणसांच्या वर एका वेळी नेऊ नका, गल्लीत मागच्याला ऐकू येत नाही आणि लोकांच्या दारासमोर गर्दी होते. मार्ग आधी त्याच वेळी, त्याच दिशेनं स्वतः चालून पाहा, सकाळी आठला कुठं सावली आहे आणि साडेनऊला कुठं आहे ते लिहून ठेवा, जिथं सावली तिथंच थांबून बोलायचं. एका जागी सात-आठ मिनिटांच्या वर बोलायचं नाही, लोक आधी फोन काढतात आणि मग बुरुजावर चढायला लागतात. ज्यांच्या वाड्यात शिरणार त्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगायचं, सणासुदीला, सुतकात, आजारपणात तिकडं फिरकायचं नाही. आणि बायामाणसं, म्हातारी माणसं येणार असतील तर संडासाची सोय कुठं आहे हे आधी ठरवलेलं पाहिजे, याकडं दुर्लक्ष झालं की पुढच्या वेळी त्या येत नाहीत.

पैसे घ्या. फुकट ठेवलं तर लोक नाव देतात आणि येत नाहीत. आपल्या भागात ऑटोच्या भाड्याइतकं लोकांना जड जात नाही, शाळेच्या पोरांकडून घेऊ नका. त्यातला काही भाग ज्या वाड्यात चहा होतो त्या घरी द्या, त्यांनाही आपला वाडा जपावासा वाटेल.

लोक काय विचारतात? भुयार कुठं आहे. हमखास. प्रत्येक गावात एक भुयार असतं आणि ते किल्ल्यावर निघतं. हसू नका त्यांना. पाणी काढायला, धान्य ठेवायला जुन्या घरांत तळघरं, पेव, बळद असायची, ती दाखवा आणि तिथून बोलणं पुढं न्या.

प्रश्न : फक्त बायकांचा गट येऊ शकतो का? आम्ही चांदूर बाजारच्या बचतगटाच्या आठजणी आहोत. मशिदी, दर्ग्यात आम्हाला जाता येतं का? लोक टकामका पाहतील का?

या की. पाहतील, पहिल्या गल्लीत पाहतील, कारण आठजणी एकत्र वर भिंतीकडं पाहत चालल्यात हे रोजचं दृश्य नाही. दुसऱ्या गल्लीत कोणीतरी मावशी विचारेल कुठून आल्या म्हणून, आणि तिथून पुढं तुमचं काम सोपं होतं. माझा अनुभव असा की बायकांच्या गटाला जी दारं उघडतात ती आमच्यासाठी कधीच उघडत नाहीत, माजघर, मागचं अंगण, चुलीवरची जुनी भांडी, बंगईच्या (झोपाळ्याच्या) पितळी कड्या, हे सगळं तुम्हीच पाहू शकता. शक्य असेल तर तुमच्यातल्या दोघींनी वही आणा आणि लिहा, या घरांमधल्या बायकांनी काय सांगितलं ते कुठल्याच गॅझेटियरात नाही.

दर्ग्यात आणि मशिदीत प्रत्येक ठिकाणचा रिवाज वेगळा, कुठं आतपर्यंत जाता येतं, कुठं उंबऱ्यापर्यंत. आधी विचारायचं, डोक्यावर पदर किंवा ओढणी, चपला बाहेर, नमाजाच्या वेळी थांबायचं. देवळातही आपण हेच करतो ना. फोटो विचारल्याशिवाय नको, विशेषतः घरातल्या बायका-मुलींचा तर नकोच.

प्रश्न : वडिलांचे गुडघे गेलेत पण त्यांना फार हौस आहे. ते नोकरीत असताना अचलपूरला होते. गाडीतून फेरी होते का?

पूर्ण नाही होत पण जमवता येतं. मुख्य दरवाजा, मोकळे चौक आणि हौज कटोरा इथपर्यंत ऑटो जातो, मधल्या गल्ल्या इतरांनी चालायच्या आणि काकाजींनी चौकात थांबायचं, सोबत घडीची खुर्ची आणा. आणि एक करा, त्यांना आधी दोन दिवस सांगून ठेवा की तुम्हाला बोलायचं आहे. नोकरीच्या काळात कुठं खोली होती, कुठं मेस होती, बाजार कुठं भरायचा, हे त्यांनी सांगितलं तर फेरी नेणाऱ्यालाही नवीन कळतं. अशा माणसांना आम्ही गटाच्या पुढं ठेवतो.

प्रश्न : शकुंतला पाहायला मिळते का? आजोबा सांगायचे त्या गाडीत बसून मूर्तिजापूरला जायचे म्हणून.

गाडी नाही मिळत. बंद होऊन वर्षं झाली. पण तिची गोष्ट फेरीत सांगितल्याशिवाय मी राहत नाही कारण वर जे म्हटलं, मोठी रेल्वे अचलपूरला सोडून गेली, त्याचंच हे पुढचं पान.

मोठ्या लाइनवर मूर्तिजापूर जंक्शन, तिथून एक फाटा वर अचलपूरला ७६ किलोमीटर आणि एक खाली यवतमाळला ११३ किलोमीटर. रूळ अरुंद, दोन्ही रुळांमध्ये फक्त अडीच फूट. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं १९१० नंतरच्या काही वर्षांत हे बांधलं ते कशासाठी तर कापसासाठी, वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाजानं मँचेस्टर. आणि ही गाडी ओढणारं वाफेचं इंजिनसुद्धा मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलेलं. कापूस तिकडं गेला आणि इंजिन इकडं आलं. ते इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल लागलं.

देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी ही लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली आणि सरकार तिच्यावर गाडी चालवून कंपनीला पैसे देत राहिलं. आपल्या गरीब माणसाची ही गाडी होती. एसटीपेक्षा तिकीट कमी, भाजीची टोपली घेऊन बाई चढायची, वेग इतका कमी की पोरं उतरून पुन्हा चढायची असं सगळ्याच म्हाताऱ्यांकडून ऐकायला मिळतं. ब्रॉडगेज करा म्हणून आंदोलनं झाली, निवेदनं गेली, अजून मागणी चालूच आहे. ही लाइन पुन्हा सुरू झाली तर अचलपूरला येणारा माणूस वाढेल, वाडे वाचतील, हे मला अगदी खरं वाटतं.

स्टेशनाकडं जायचं तर तिथल्या माणसाला विचारून जा, रेल्वेची जागा आहे. आजोबांचा फोटो असेल त्या काळातला तर सोबत आणा, इतरांना दाखवता येईल.

प्रश्न : परतवाडा वेगळा की अचलपूरच? दोन्हीकडं फेरी होते का?

नगरपालिका एकच आहे, गावं दोन वाटतात कारण दोघांची घडण वेगळी. अचलपूर जुनं, परकोटाच्या आतलं. परतवाडा हा छावणीतून वाढला, निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची फौज तिथं असायची, म्हणून अजूनही म्हातारी माणसं परतवाड्याला कॅम्प म्हणतात. छावणी असल्यामुळं रस्ते सरळ आणि रुंद, नंतर मेळघाटातलं सागवान उतरू लागलं तशा आरागिरण्या, लाकडाचे डेपो आले. सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या आसपास हे सगळं. पहिल्या वेळी अचलपूरच करा. ज्यांना लाकडाच्या धंद्यात रस आहे त्यांनी परतवाडा वेगळा करावा.

प्रश्न : आमच्या गावात राजाही नव्हता आणि किल्लाही नाही. अशी फेरी आमच्याकडं कशी होईल? (कारंजा लाड आणि पवनी, दोन्हीकडून जवळपास हाच प्रश्न आला आहे.)

या दोन गावांनी हा प्रश्न विचारावा याचं मला खरंच आश्चर्य वाटलं, आणि थोडं दुःखही.

कारंजाकर मंडळी, तुमच्या गावाला वेशी आहेत, दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. वेशींची नावंच सांगतात की इथून कुठं कुठं माल जात होता. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराज कारंज्यावर आले, चार हजार बैल आणि गाढवांवर लादून संपत्ती नेली असं इतिहासकार लिहितात. इतक्या लांब वऱ्हाडात यावंसं वाटलं म्हणजे पेठ केवढी असेल. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रभरातून लोक येतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि वेस न पाहता परत जातात. जैन मंदिरातलं लाकडावरचं कोरीव काम त्यांतल्या किती जणांनी पाहिलं असेल? आणि तिथल्या जैन भांडारांतल्या जुन्या अपभ्रंश भाषेतल्या हस्तलिखितांवरून डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात ग्रंथ संपादित करून छापले, मराठी-हिंदीच्या मुळाशी असलेली भाषा अभ्यासायला त्यांचा केवढा आधार झाला. दर्शनाला आलेल्या माणसाला फक्त दीड तास मागा, मंदिरापासून वेशीपर्यंत न्या, तुमची फेरी तयार आहे.

पवनीकर, तुमच्याकडं तर अडीच हजार वर्षांकडं जाणारं गाव आहे. परकोट आणि खंदक अजून दिसतो, वैनगंगा बाजूला, आणि १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं तेव्हा बौद्ध स्तूप निघाला. गावातली पोरं त्या टेकडीच्या बाजूनं क्रिकेट खेळायला जातात, त्यांना कोणी सांगितलं का? आधी तुमच्याच शाळेतली एक तुकडी घेऊन जा, बाहेरचे पाहुणे नंतर.

आणि ज्यांच्या गावात खरंच असं काही नाही त्यांनी गढी, आखर (गुरं जमायची जागा), पांढरी, जुनी विहीर, बारव, बाजाराचा ओटा, जिनिंगची पडकी चिमणी, एवढंच घ्यावं. विदर्भात जिनिंग-प्रेसिंग नसलेलं बाजाराचं गाव सापडणं अवघड आहे, आणि त्या एका चिमणीवरून शंभर वर्षांचा कापसाचा भाव, हमाली, सावकारी, सगळं सांगता येतं.

प्रश्न : कधी यावं, काय आणावं, खायला काय?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रविवारी सकाळी सातला सुरुवात, दहा-साडेदहापर्यंत संपतं. मार्चच्या मध्यानंतर आम्ही बंद करतो, एप्रिल-मे मध्ये दगड तापलेले असतात, म्हाताऱ्यांना आणि लहान पोरांना त्रास होतो. पावसाळ्यात गल्ल्यांत चिखल आणि भिंती ओल्या, पडक्या वाड्यात शिरणं धोक्याचं, तेव्हा दर्यापूरच्या ताईंनो, यंदा तुमची चिखलदऱ्याची सहल हिवाळ्यात ठेवा, तिकडंही धुकं असतंच.

पाण्याची बाटली, टोपी, बंद बूट. पोरांसाठी वही-पेन्सिल, मोबाइलपेक्षा पेन्सिलीनं कमान काढली की नीट पाहिली जाते.

अमरावतीहून येणारे पन्नासेक किलोमीटर येतात, त्यांनी उपाशी निघू नये, तिकडचा गिला वडा खाऊन निघालं तरी चालतं. इथं फेरीनंतर चौकात कचोरी, आलुबोंडा आणि चहा मिळतो. डिसेंबर-जानेवारीत येत असाल तर बहिरमची यात्रा भरलेली असते, महिनाभराच्या वर चालते, दुपारून तिकडं जा, मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे, आणि जे खात नाहीत त्यांना वरण-रोडगे. त्याच सुमाराला आंबिया बहाराची संत्री संपत आलेली असतात, रस्त्याच्या कडेला मिळाली तर घ्या, भाव करा पण शेतकरी स्वतः विकत असेल तर फार ताणू नका. ज्यांना आणखी एक मुक्काम करायचा आहे त्यांनी मुक्तागिरी जोडावी, डोंगरातली बावन्न जैन मंदिरं, आहेत मध्य प्रदेशाच्या हद्दीत पण परतवाड्याहून जवळच.

नाव नोंदवायचं तर गुरुवारपर्यंत कळवा, कारण शुक्रवारी वाड्याच्या मालकांना किती माणसं येणार ते सांगावं लागतं.